शरीराच्या सातबाऱ्यावरचे फेरफार

(जिल्हा मेळाव्यात एका डॉक्टर कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर बोलणारी मंडळी मंचावर बसली आहेत. मी आज त्यावर बोलणार नाही. मी डॉक्टर आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि मला कॅन्सरवर बोलायचे आहे. बोंडअळी आली तर एक हंगाम जातो. घरात कॅन्सर शिरला तर बैलजोडी जाते, रान जाते, आणि उशीर झाला असेल तर माणूसही जातो.

दवाखान्यात येणारे नातेवाईक मला दोनच कारणे सांगतात. एक, "नशिबात होते". दुसरे, "त्यांच्या खानदानातच आहे". ही दोन्ही कारणे बहुतेक वेळा खरी नसतात. खरे कारण पुढच्या अर्ध्या तासात सांगतो. कोणालाही समजेल इतके ते सोपे आहे.

दप्तर आणि उतारा

जीन म्हटले की आपल्याला जिनिंगचा कारखाना आठवतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासून दुसरा जीनही आपल्या कानावर आहे. मराठीत त्याला जनुक म्हणतात.

माणसाचे शरीर सुमारे तीस लाख कोटी पेशींचे आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराचे दप्तर ठेवलेले असते. ते फक्त चार अक्षरांत लिहिलेले आहे: ए, टी, जी आणि सी. अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे. या दप्तरातला एकेक उतारा म्हणजे एकेक जनुक. असे सुमारे २० हजार उतारे आहेत, आणि बहुतेक उताऱ्यांच्या दोन नकला असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

पेशी जुनी होते, मरते, तिच्या जागी नवी लागते. तेव्हा एका पेशीच्या दोन होतात. दोन व्हायच्या तर सगळे दप्तर पुन्हा उतरवून काढावे लागते. तलाठी हाताने सातबारा लिहायचा तो जमाना आठवा. लिहिताना एक आकडा चुकला, दोन एकराचे बारा झाले. पुढच्या वर्षी नक्कल केली ती चुकलेल्या कागदावरूनच. चूक कायम झाली. जमिनीच्या नोंदीतल्या बदलाला आपण फेरफार म्हणतो. जनुकातल्या बदलाला शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, म्यूटेशन. म्हणून मी आपला फेरफार हाच शब्द वापरतो.

असे फेरफार तुमच्या-माझ्या शरीरात रोज होतात. बहुतेकांचे काही बिघडत नाही. काही चुका पेशी स्वतःच खोडून दुरुस्त करते. घात होतो तो ठराविक उताऱ्यांवर फेरफार पडला म्हणजे.

तीन प्रकारचे उतारे

पहिला प्रकार पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या जनुकांचा. जखम झाली की हुकूम सुटतो, जखम भरली की थांबतो. १९८२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी तपासल्या. रास नावाच्या जनुकात त्यांना एकच अक्षर बदललेले सापडले. जी च्या जागी टी. तेवढ्याने हुकूम चालूच राहिला, थांबायचे विसरला.

दुसरा प्रकार राखणदार जनुकांचा. यातला सर्वात मोठा राखणदार पी-५३. पेशीचे दप्तर फार बिघडले तर तो तिला वाढू देत नाही, वेळ पडली तर तिला मरायला लावतो. माणसाला होणाऱ्या कॅन्सरपैकी सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये हा पी-५३ बिघडलेला सापडतो.

तिसरा प्रकार दुरुस्ती करणाऱ्या जनुकांचा. हीच बिघडली तर पुढच्या सगळ्या चुका साचत जातात.

एका फेरफाराने काही होत नाही

भावांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. एका फेरफाराने सहसा कॅन्सर होत नाही. हुकूम सैल सुटावा लागतो, राखणदाराच्या दोन्ही नकला निकामी व्हाव्या लागतात, आणखीही काही बिघडावे लागते. १९९० साली अमेरिकेत फिअरन आणि फोगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही पायरी-पायरीची वाट दाखवून दिली.

रानातल्या तणासारखे हे आहे. एक पेशी फेरफारामुळे बाकीच्यांपेक्षा जरा जोमाने वाढते. तिचीच पैदास जास्त होते. त्या पैदाशीत दुसरा फेरफार पडतो, तण आणखी माजते. हे चालायला दहा, वीस, तीस वर्षे लागतात. म्हणून कॅन्सर बहुधा उतारवयात दिसतो. आणि म्हणूनच "माझा आजा जन्मभर तंबाखू खाऊन ऐंशी वर्षे जगला" या सांगण्याला अर्थ नाही. आज्याचे दान पडले, म्हणून नातवाचे पडेलच असे नाही. वर्षे लागतात यातच आपली संधीही आहे. तण दोन पानांवर असताना निंदले तर पीक वाचते.

फेरफार कोण करते?

काही चुका नक्कल करताना आपोआप होतात. त्याला इलाज नाही. काही मात्र आपण पैसे देऊन विकत घेतो.

पहिला मान तंबाखूचा. २०१६ साली एका अभ्यासात हिशेब निघाला. रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्या तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० फेरफार वाढतात. आपल्याकडे सिगारेट कमी, खर्रा जास्त. विदर्भात खर्रा, मराठवाड्यात तंबाखू-चुना आणि मावा, बायाबापड्यांची मिश्री. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने जाहीर केले. २०१३ साली कल्याणी आणि नवी मुंबई इथल्या आपल्या शास्त्रज्ञांनी ११० भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुके वाचून काढली. सर्वात जास्त वेळा बिघडलेला सापडला तो हाच राखणदार, पी-५३.

दुसरी गोष्ट आपल्या कोठीतली. भुईमुगाच्या शेंगा, मका, सरकीची ढेप ओली राहिली की हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. चीनमध्ये शांघायच्या उत्तरेला चीदोंग नावाचा भाग आहे. तिथली माणसे मका खायची, आणि यकृताचा कॅन्सर तिथे फार. १९९१ साली तिथल्या रुग्णांचा पी-५३ तपासला तर सुमारे निम्म्यांमध्ये एकाच ठिकाणी एकच अक्षर बदललेले. पुन्हा जी च्या जागी टी. जणू बुरशी अंगठा उमटवून गेली होती. कावीळ-बी चा विषाणू सोबतीला असेल तर धोका कित्येक पटीने वाढतो. पण पुढचे ऐका. १९८० नंतरच्या दशकात तिथले लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. पोटात जाणारे विष घटले, आणि मागोमाग यकृताच्या कॅन्सरने मरणारेही घटले. नशीब असते तर धान्य बदलल्याने बदलले असते का?

हे विष भाजून किंवा शिजवून जात नाही. बुरशी धरलेली ढेप गाईला घातली तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि लेकराच्या पोटात जातो. "माणसाला नको, जनावराला घाला" हा हिशेब इथे चालत नाही.

तिसरा एचपीव्ही हा विषाणू. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर यानेच होतो हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझन यांनी दाखवले, २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू थेट अक्षर बदलण्याऐवजी राखणदारांचेच हातपाय बांधतो. राखण नाही म्हटल्यावर फेरफार साचत जातात. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो. ज्यांच्यात मुक्काम करतो त्यांना धोका.

उस्मानाबादचा धडा

याचा इलाज परदेशात शोधायला नको. आपल्याच ज्वारीच्या मुलखात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ सालापासून खेड्यांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायांवर एक मोठा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होते. ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा मिळाली, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. निकाल २००९ साली जगभर छापून आला. ज्या बाया वाचल्या त्या आपल्यासारख्याच खुरपणी-वेचणी करणाऱ्या. तण लहान असताना निंदले, एवढेच.

तुमचे प्रश्न

बीटीचा जीन अंगात शिरून कॅन्सर करतो का? भावांनो, एका भाकरीत ज्वारीचे कोट्यवधी जीन असतात. ते पोटात पचतात. इतक्या पिढ्या भाकरी खाल्ली, कुणाला कणीस फुटले नाही.

फवारणीचे काय? प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. पण लिंडेन, म्हणजे आपण डोळे झाकून उधळलेल्या बीएचसी पावडरीतला एक भाग, कॅन्सर करतो असा निर्वाळा २०१५ साली मिळाला. बीएचसी १९९७ साली बंद झाली. तोंड-नाक बांधून, वाऱ्याच्या दिशेने फवारा. हाताने औषध कालवू नका.

आणि खानदान? शंभरातले पाच-दहाच कॅन्सर जन्मतः आलेल्या फेरफारामुळे होतात. आईला, मावशीला, बहिणीला तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर त्या घरच्या मुलींनी लवकर तपासून घ्यावे. बाकी नव्वद जणांचा फेरफार त्यांच्या अंगातल्या एका जागी झालेला असतो. तो पोराबाळांत उतरत नाही, शिवून-जेवून लागत नाही. म्हणून कॅन्सरच्या घरची सोयरीक मोडू नका. रोग्याचे ताट वेगळे मांडू नका.

घरी जाऊन काय करायचे

खर्रा आजच सोडा. "आता सोडून काय उपयोग" म्हणू नका. सिगारेट सोडलेल्यांच्या फुफ्फुसात फेरफार कमी असलेल्या चांगल्या पेशी पुन्हा पसरताना २०२० साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांना दिसल्या. शेंगा पूर्ण वाळवून कोठीत टाका, बुरशीच्या निवडून जाळा. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या. पुण्यात तयार झालेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली आहे.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंडात उभी तीन बोटे जात नाहीत, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त गेले, तर देवऋषीकडे नको, हंगाम संपायची वाटही नको. तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करायची योजना आहे. जा, आणि ती मागून घ्या.

शेवटी एक सांगतो. गेल्या वर्षी माझ्याकडे एक कापूस उत्पादक भाऊ आला. गालात जखम घेऊन सहा महिने तो बोंडे वेचत होता. "वेचणी संपली की दाखवू" म्हणाला होता. वेचणी संपली, पण तोवर गाठ गळ्यात उतरली होती. सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार दिसला तर आपण दुसऱ्याच दिवशी तहसील गाठतो. शरीराच्या सातबाऱ्यासाठी तेवढी तरी घाई करा.