रिकाम्या हातांनी रानात

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा काहीसा संक्षिप्त मजकूर.)

'स्त्री आणि निसर्ग' या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी जरा बिचकले. या विषयावर आपल्याकडे फार गोड बोललं जातं. बाई म्हणजे धरणी, बाई म्हणजे नदी, बाई निसर्गाच्या अधिक जवळ. जिच्या डोक्यावर मोळी आहे आणि मान अवघडून गेली आहे, तिला ती निसर्गाच्या किती जवळ आहे हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवते आणि एका सहलीबद्दल बोलते. बचत गटातल्या तेरा बाया आणि मी, अशा चौदाजणी बांबूच्या जंगलातून चालत एका धबधब्यापर्यंत गेलो आणि संध्याकाळी परत आलो. एवढंच घडलं. पण हे एवढंसं घडायला काय काय आड आलं, आणि त्यातून पुढे काय निघालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी मेळघाटात काम करते. अमरावती जिल्ह्यातला हा सातपुड्याचा भाग. बाहेरच्यांना तो दोन गोष्टींसाठी माहीत असतो : वाघ आणि कुपोषण. १९७३-७४ साली देशातले पहिले व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. आमचं गाव व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वस्ती बहुतेक कोरकूंची. जंगल पानगळीचं, वर साग, आणि नाल्याखोऱ्यांत बांबूची दाट बेटं. पावसाळ्यात चिखलदऱ्याला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, भीमकुंडाचा धबधबा बघायला माणसं दुरून येतात. आमच्या गावातल्या बायांना पर्यटक ठाऊक आहेत ते भाजलेली कणसं विकत घेणारे म्हणून. आपणही कधी धबधबा बघायला जावं, असं त्यांतल्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

विषय निघाला तो एका तक्त्यावरून. गटाच्या बैठकीत आम्ही दिनचर्येचा तक्ता करत होतो. समाजकार्याच्या शिक्षणात हे तंत्र आम्हाला शिकवलं होतं, तुम्हीही अनेकींनी ते वापरलं असेल. बाईचा दिवस आणि पुरुषाचा दिवस शेजारी शेजारी मांडायचा. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत बायांचे खडे भरत गेले. पुरुषांच्या बाजूला 'पारावर बसणं', 'बाजारात फिरणं' यांचे खडे पडले, तेव्हा हशा झाला. मग मी विचारलं, "तुम्ही फिरायला कुठं जाता?" उत्तर आलं, "जंगलात जातो ना रोज."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते खोटं नव्हतं. या बाया रोज पाचसहा किलोमीटर जंगल तुडवतात. पण लाकडासाठी, पानांसाठी, मोहासाठी, भाजीसाठी. सरकारी आकडे बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जाताना दिसली, पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. लाकूड आणि पाणी आणण्याचा वेळ तर या पाहणीत वेगळ्या रकान्यात धरतात, तो यांत आलेलाच नाही.

मी म्हटलं, गावामागच्या धबधब्यावर जाऊ या. गावात त्याला निराळं नाव नाही, नुसतं धबधबा म्हणतात. अंतर पाच किलोमीटरच्या आतबाहेर. एकोणीसजणींच्या गटात चौघींनीच तो पाहिलेला, त्याही लहानपणी, गुरांमागे गेल्या तेव्हा. गटाच्या अध्यक्षबाईंनी सरळ विचारलं, "ताई, तिकडे काय हाये? नाही लाकूड, नाही भाजी." जाण्यासारखं काही नाही म्हणजे आणण्यासारखं काही नाही. जंगलात जायचं तर परतताना डोक्स्यावर काहीतरी असलंच पाहिजे, नाहीतर ती बाई रिकामटेकडी.

तारीख ठरली सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, निंदण आटोपल्यावरची. आणि मग अडचणी सुरू झाल्या. स्वयंपाक कोण करणार? लहान मूल कोण बघणार? एकीच्या सासूनं विचारलं, "कोणता सण हाये?" पारावर बोललं गेलं की बचत गटानं बायांना आता फिरायला शिकवलं. त्याच बाया काळोखात मोळीला निघतात तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची चिंता कुणाला पडत नाही; त्या हसतखेळत निघाल्या की अस्वलापासून अब्रूपर्यंत सगळ्यांची काळजी सुरू होते. सहाजणी येऊ शकल्या नाहीत. त्यांतली एक नवी सून, वय वीस. तिचा नवरा बैठकीत गप्प बसला होता, निघायच्या सकाळी त्यानं 'नाही' म्हटलं. ती दारात उभी राहून आम्हाला बघत होती.

वाटेवर एका गार्डसाहेबांनी आम्हाला थांबवलं. "बांबूला चालल्या का?" "नाही, फिरायला." त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले. एकीकडेही विळा-कोयता नाही. भाकरीचं गाठोडं तेवढं. त्यांना ते खरं वाटेना. शेवटी हसून जाऊ दिलं. त्यांचं वागणं वाईट नव्हतं. पण जंगलात दिसलेली गावची बाई म्हणजे काहीतरी तोडायला आलेली बाई, हे गृहीत किती खोल रुजलंय ते कळलं.

या गृहीतामागे एक कायदा आहे. बांबू हे गवत आहे. भाताच्या आणि उसाच्या कुळातलं. पण इंग्रजांनी १९२७ च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला, म्हणजे तोडणं गुन्हा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि त्यावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. २०१७ साली १९२७ च्या कायद्यातल्या त्या व्याख्येतून बांबू निघाला. त्याचा फायदा मुख्यतः जंगलाबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्याला झाला. म्हणजे एका गवताला गवत म्हणायला आपल्याला नव्वद वर्षं लागली.

आता चालण्याबद्दल. बांबूच्या बेटांत शिरलं की उजेड हिरवा होतो आणि वारा आला की कांडी एकमेकांना घासून करकर वाजतात. खाली वाळक्या पानांचा थर, त्यावरून पाय सटकतो. शहरातल्या ट्रेकमध्ये आपल्याला शांत चालायला सांगतात. या बाया मुद्दाम मोठ्यानं बोलत चालतात, कारण अस्वल अचानक समोर आलं तर अंगावर येतं. आवाज ऐकला तर ते बाजूला होतं. मी मध्ये, पुढेमागे त्या. जंगलाचं सगळं शिक्षण मला त्या दिवशी फुकट मिळालं. यंदाचा बांबू कोणता, तर ज्याच्या अंगावर अजून साल आहे आणि फांद्या फुटलेल्या नाहीत तो. त्या सालीच्या कुसाला हात लावू नको, खाज सुटते. बांबू एका पावसाळ्यात पुरता उंच होतो, पण पिकायला तीनेक वर्षं घेतो. कोवळा तोडला तर बेट बसतं. पावसाळ्यात तोडायचा नाही, कारण तेव्हा कोंब वर येत असतात. कोंबाची भाजीही बेतानंच घ्यायची. आमच्याकडचा हा मानवेल जातीचा बांबू कोरड्या जमिनीत जवळजवळ भरीव होतो. म्हणून त्याच्या लाठ्या करतात. एक बाई म्हणाली, "सूपही ह्याचंच, अन् नवऱ्याची काठीही ह्याचीच." सगळ्या हसल्या. त्या हसण्यात ज्यांनी ती काठी खाल्ली होती त्याही होत्या.

धबधबा काही फार मोठा नाही. दोनतीन माणसांच्या उंचीवरून पाणी कोसळतं, खाली डोह. पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणाला काय करावं तेच सुचेना. हात आपोआप काटक्या गोळा करू लागले. एकीनं वाळक्या बांबूचा भारा बांधलाही. सगळ्यांत थोरल्या आजीबाईंनी तो सोडायला लावला. मग एकजण पाण्यात उतरली आणि पाठोपाठ सगळ्या. नऊवारी, पाचवारी सगळी भिजली. चाळिशीच्या बाया एकमेकींवर पाणी उडवत होत्या. गटाच्या अध्यक्षबाई मात्र एका खडकाच्या सावलीत आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. दोन तास. त्यांच्या शेजारणीनं मला हळूच सांगितलं, "वीस वर्सं झाली, दिवसा डोळा लागलेला मी पाह्यला नाही हिचा."

मैत्रिणींनो, विसावा हा हक्क आहे असं आपण म्हणतो, पण मागण्यांच्या यादीत तो शेवटी लिहितो. आधी पाणी, रेशन, मजुरी, मारहाण. ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी विसाव्यातूनच पुढची मागणी निघाली.

भाकरी खाताना आजीबाई पलीकडच्या काठाकडे बघून म्हणाल्या की त्यांची आई कोंब आणायची ते बेट तेच. आमच्या गावानं तेव्हा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायला घेतला होता. हद्दीचा नकाशा वनहक्क समितीतल्या पुरुषांनी काढला होता आणि तो नाल्याच्या अलीकडेच थांबला होता. पलीकडचं बेट, त्यामागचा झरा आणि कंद मिळतात ती उतरण, तिन्ही बाहेर राहिली होती. पुरुषांची लबाडी नव्हती. त्यांची वाट तिकडे जात नव्हती, बायांच्या आयांची जात होती. आणि समितीत एक तृतीयांश बाया असाव्यात, ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया असाव्यात, असा नियम असूनही नकाशाच्या दिवशी बायांना कुणी बोलावलं नव्हतं. समितीतल्या बायांची नावं होती ती कागदावर.

त्या खडकावर, ओल्या लुगड्यांनी, आम्ही काटक्या आणि दगड मांडून दुसरा नकाशा केला. पुढच्या ग्रामसभेला गटातल्या सोळाजणी गेल्या. वाद झाला. "तुम्ही सहलीला गेल्या होत्या की मोजणीला?" असंही एकानं विचारलं. पण वनहक्काच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून चालतो, आणि वडीलधारी म्हणजे म्हातारे पुरुषच असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. तीन आजीबाईंचे जबाब लिहून घेतले, अंगठे उठले, हद्द नाल्यापलीकडे सरकली. दावा पुढे गेला आहे. निकाल अजून लागलेला नाही, आणि लागेल तेव्हा आपल्या बाजूनंच लागेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही गावोगाव काम करता, म्हणून दोन गोष्टी सुचवते. दिनचर्येचा तक्ता कराल तेव्हा बायांच्या बाजूला विसाव्याचा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहिला तर तसाच पुढे जाऊ नका. का रिकामा, यावर बोला. आणि जिथं वनहक्काचे दावे चालू आहेत तिथं नकाशा काढण्याआधी बायांबरोबर हद्द चालून बघा. घाईनं नाही, एक अख्खा दिवस काढून.

आमच्या गटाची पुढची सहल ठरली आहे. तारीख या वेळी त्या सहाजणींनी ठरवायची, ज्यांना गेल्या खेपेला येता आलं नाही. त्या वीस वर्षांच्या सुनेच्या घरी अध्यक्षबाई स्वतः दोनदा जाऊन आल्या आहेत. तिच्या सासूनं अजून हो म्हटलेलं नाही, पण पहिल्यांदा विचारलं, "म्या आली तर चालते का?"