पट शंभराचा, हक्क प्रत्येकाचा
तोरणा-राजगडाच्या पायथ्याला वेल्ह्यात, तसंच भोरच्या हिरडस मावळात वाड्यावस्त्यांवरच्या शाळा लहान. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे, पण शाळेचा पट शंभरावर असेल तरच! डोंगरातल्या शाळेनं एवढी मुलं आणायची कुठून? ही अट मला अन्यायाची वाटते. भारतानं 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारातलं 31 वं कलम कलेत सहभागाचा हक्क प्रत्येक मुलाला देतं. तिथं पट विचारलेला नाही. शिवाय इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणजे शिक्षक नसलेली मुलं तिथंही मागं. पण कलाशिक्षक नसला, तरी गावात भजन, ढोल-लेझीम जाणणारी माणसं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, त्यांना आठवड्यातून एक तास शाळेत बोलवा.