सेकंदाला सत्तर गुंठे

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

संयोजकांचा फोन आला, "तू आफ्रिकेत विमानातून जनावरं मोजायचास ना, त्यावर बोल." आधीच कबूल करतो, मी प्राण्यांचा तज्ज्ञ नाही. मी विमानांचा मेकॅनिक. नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानांची दुरुस्ती करण्यात माझी बावीस वर्षं गेली. जनावरं मोजणारी मंडळी आमच्या शेडमध्ये विमान तयार करून घ्यायला येत. त्यांच्यामुळे ही विद्या कळली, आणि चार-पाच वेळा मागच्या सीटवर बसून मोजायलाही मिळालं. गणितात मला किती मार्क पडायचे हे आपले सर इथे बसलेत, त्यांना विचारू नका.

हे काम कसं चालतं ते सांगतो. विमान लागतं ते पंख वर असलेलं, म्हणजे खिडकीतून खाली बघताना पंख आड येत नाही. पंखाला आधार देणारी तिरकी दांडी असते, तिच्यावर आम्ही प्रत्येक बाजूला दोन-दोन कांड्या बसवायचो. मोजणारा सीटवर बसला की त्याच्या डोळ्यांची उंची बघून खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या. खूण आणि कांडी एका रेषेत आली की खाली जमिनीवर एक पट्टा आखला जातो. विमान तीनशे फुटांवर असेल तर तो पट्टा साधारण दीडशे मीटर रुंद. त्या पट्ट्यात आलेलं जनावर मोजायचं, पट्ट्याबाहेरचं सोडून द्यायचं. मग बाहेर भलामोठा हत्ती का उभा असेना, त्याच्याकडे बघायचं नाही.

पट्टा खरोखर दीडशे मीटरचा आहे का, हेही तपासतात. धावपट्टीच्या कडेने ठरावीक अंतरावर चुन्याच्या खुणा करून त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा विमान नेतात, आणि मोजणाऱ्याला किती खुणा दिसल्या ते लिहून घेतात. कांडी चार बोटं सरकली तर सगळी गणना चुकते. माझी बायको म्हणायची, कांडी बसवायला तुम्हाला अख्खा दिवस कसा लागतो? तो यासाठी लागायचा.

आता हिशोब बघा. विमानाचा वेग ताशी १७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४७ मीटर. पट्टा १५० मीटरचा. आपल्या भाषेत सांगायचं तर दर सेकंदाला सत्तर गुंठे रान डोळ्यांखालून जातं. वरशातल्या आमच्या भातखाचरांवरून असं विमान गेलं असतं तर "आलं" म्हणेपर्यंत आमची जमीन संपली असती. तेवढ्या वेळात झाडाखालचं हरीण ओळखायचं, मोजायचं आणि बोलून नोंदवायचं. कळप मोठा असेल तर आकडा सांगून लगेच फोटो काढायचा, आणि फोटोतली डोकी नंतर टेबलावर बसून मोजायची.

माझ्या पहिल्या फेरीत मला मळमळायला लागलं. एक झेब्र्यांचा कळप आला, मी घाईघाईत "चाळीस" म्हणालो. संध्याकाळी फोटोत मोजले तर त्रेसष्ट निघाले. मला वाटलं, आता हे पुन्हा विमानात बसवणार नाहीत. पण त्यांच्यातला वयस्कर माणूस शांतपणे म्हणाला, "सगळेच कमी मोजतात. तू किती कमी मोजतोस ते आम्हाला कळलं, आता तुझा उपयोग आहे." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

सगळं रान कोणी मोजत नाही. ठरावीक अंतरावर समांतर रेघा आखायच्या, त्या रेघांवरून उडायचं, आणि जेवढा भाग बघितला त्यावरून सगळ्याचा अंदाज काढायचा. आपले सर सरासरी शिकवताना म्हणायचे, शितावरून भाताची परीक्षा. तेच हे. फक्त शीत एकाच कोपऱ्यातलं घेऊन चालत नाही; वरचं, खालचं, करपलेलं, सगळीकडचं घ्यावं लागतं. म्हणून जिथे जनावर नाही हे ठाऊक आहे, त्या उजाड माळावरूनही सरळ रेघेत उडायचं आणि शून्य लिहायचं.

या कामातलं मोठं नाव म्हणजे बर्नहार्ड ग्झिमेक, फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. ते आणि त्यांचा मुलगा मिखाएल, दोघं विमान चालवायला शिकले आणि १९५८ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीची गणना केली. त्यांच्या विमानाला झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेले होते. वाइल्डबीस्ट नावाचं गाईच्या तोंडवळ्याचं जे हरीण तिथे आहे, ते त्यांना एक लाखाच्या आतच मिळालं. पुढे त्या भागातल्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस दिली गेली आणि रानातलीही बुळकांडी हटली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना बुळकांडी म्हणजे काय ते सांगायला नको. पाडसं जगू लागली, आणि १९७७ च्या सुमारास तीच संख्या तेरा लाखांच्या घरात गेली. हे कळलं कशामुळे? कोणीतरी आधी मोजून ठेवलं होतं म्हणून.

उलटंही कळतं. केनियात २००९ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला. अंबोसेलीच्या बाजूला वाइल्डबीस्ट २००७ मध्ये साडेअठरा हजारांच्या आसपास होते. दुष्काळानंतर, २०१० च्या हवाई गणनेत, जेमतेम तीन हजार शंभर उरले.

पण ग्झिमेक यांची गोष्ट अर्धीच सांगितली. १० जानेवारी १९५९ रोजी मिखाएल एकटा विमान घेऊन निघाला असताना एक गिधाड पंखावर आदळलं आणि विमान कोसळलं. तो चोवीस वर्षांचा होता. न्गोरोंगोरो विवराच्या काठावर त्याची समाधी आहे. वडिलांनी काम पुरं केलं. विल्सनवर आम्ही विमान सोडताना पायलटला नेहमी सांगायचो, गिधाडं सांभाळ.

आणि दरवेळी मला आपली गिधाडं आठवायची. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं उतरायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शाळेतून परत जाताना आपण त्यांच्यावर दगड मारले आहेत, मीही मारले आहेत. मी २०१३ साली कायमचा परत आलो तेव्हा आभाळ मोकळं होतं. कारण आता सगळ्यांना माहीत आहे. गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं असायचं, आणि ते ढोर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्या सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर हजारातून एकदोनच उरली होती. हा हिशोब निघाला तोही एवढ्याचसाठी, की काही लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यारस्त्याने फिरून गिधाडं मोजून ठेवली होती.

मला कोणी विचारलं, वरशात तुमच्या लहानपणी किती गिधाडं उतरायची, तर मी काय सांगणार? "पुष्कळ." पुष्कळ हा आकडा नाही. पुष्कळातून दहा गेली तरी पुष्कळच उरतात, शंभर गेली तरी पुष्कळच. मग एक दिवस एकही नसतं, आणि केव्हा गेली ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याकडे चिरगावला लोकांनी गिधाडं जपली, घरटी मोजत राहिले, म्हणून तिथलं निदान सांगता तरी येतं.

आता आपल्या फणसाडचं. मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं हे जंगल, एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुमारे ५४ चौरस किलोमीटर. इथे विमान काही कामाचं नाही, वरून नुसती झाडांची छत्री दिसते. म्हणून बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून गणना करतात. वैशाखात पाणी आटलेलं, जनावराला पाणवठ्यावर आल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि वर पूर्ण चांदणं. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात: चिखलगाण, धरणगाण.

परत आल्यावर दुसऱ्या वर्षी मी एका गाणावर रात्र काढली. बरोबर वनखात्याचा एक तरुण रक्षक होता. दिवसा शेकरू आणि वानरं. संध्याकाळी दोन भेकरं. मग बराच वेळ डासांशिवाय कोणी नाही. मध्यरात्रीनंतर भेकर एकदम भुंकू लागलं, वानरं खेकसली, आणि माझ्या अंगावर काटा आला. मी कुजबुजलो, "बिबट्या लिहू?" तो म्हणाला, "दिसला का, काका? मग नाही." पुढचे दोन तास काहीच आलं नाही. त्याने प्रत्येक तासापुढे नीट शून्य लिहिलं. त्या पोराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. नैरोबीच्या त्या म्हाताऱ्याचाच हा चेला.

लक्षात घ्या, पाणवठ्यावर दिसलेली जनावरं म्हणजे जंगलातली एकूण जनावरं नव्हेत. काही आलीच नसतील, एखादं दोनदा आलं असेल. पण दरवर्षी त्याच गाणावर, त्याच पौर्णिमेला, तितक्याच प्रामाणिकपणे लिहिलं, तर दहा वर्षांनी काय वाढतंय आणि काय सरतंय हे त्या कागदांवरून दिसू लागतं. मात्र वह्या जपल्या पाहिजेत, आणि मध्येच खंड पडता कामा नये.

म्हणून दोन गोष्टी मागतो आणि खाली बसतो.

पहिली अशी. पुढच्या वैशाखात तुमच्यापैकी ज्यांचे गुडघे साथ देतील त्यांनी वनखात्याकडे वेळेत नाव नोंदवा आणि माझ्याबरोबर फणसाडला चला. नातवंडांना न्यायची परवानगी मिळाली तर त्यांनाही घेऊन या. काहीच दिसलं नाही तरी चालेल, शून्य लिहायलाही माणूस लागतो.

दुसरी आपल्या घरची. हजेरीपटावर आपण ४६ जण होतो. आज इथे २९ आहोत. सहा जण गेले, त्यांना आपण मघाशी उभं राहून आठवलं. उरलेल्या ११ जणांचा पत्ता लागत नाही. ते इथे दिसले नाहीत एवढंच आपल्याला माहीत आहे. त्यांची नावं मी मागच्या फळ्यावर लिहून ठेवली आहेत. कोणी कोणाला शेवटचं कुठे पाहिलं, एसटी स्टँडवर, धाटावच्या कारखान्यात, कुणाच्या लग्नात, जे आठवेल ते नावापुढे खडूने लिहा. जेवणाआधी लिहा. जेवणानंतर कोणी थांबत नाही, हे मी मोजलेलं आहे.