पोर रडत नाही, एवढंच पुरे का?

आम्ही हडपसरच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या कुणी घरकामाला जातात, कुणी बांधकामावर. सकाळी आठला घर सोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न, मूल कुणाकडं ठेवायचं?

गावी सासू असते, जाऊ असते. इथं गाडीतळाला बोचकं घेऊन उतरलेल्या बाईजवळ यातलं कुणी नसतं. मग पोर वाळूच्या ढिगावर खेळतं. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावर असंच धुळीतलं मूल पाहिलं आणि तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' उभी राहिली. आपल्या पुण्यात 'तारा मोबाईल क्रेशेस' बांधकामाच्या जागीच पाळणाघरं चालवते.

पण पाळणाघर मिळालं म्हणजे झालं, असं नाही. आमच्या गटातल्या एकीचं दोन वर्षांचं पोर एका ठिकाणी दिवसभर टीव्हीपुढं बसायचं. नाव घेत नाही. रडत नाही, त्रास देत नाही, म्हणून तिथल्या बाई कौतुक करायच्या. घरी मात्र ते बोलेचना. नवीन शब्द नाही, खेळणं नाही. तिनं जागा बदलली, तेव्हा कुठं महिनाभरानं ते बडबडायला लागलं.

सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, असं लहान मुलाचं नसतंच. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम मांडलं, तेव्हा पोरांची आंघोळ, नखं, केस हासुद्धा शाळेचाच भाग होता. मग गोष्टी, गाणी, आणि मोजायला खडे, बिया, शिंपले. विकतचं खेळणं लागलं नाही. अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंचाच.

म्हणून पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी ताईंकडं बघा. भरवताना त्या पोराशी बोलतात का? हात धुताना "हा एक हात, हा दुसरा" असं काही चालतं का? पडलेल्या पोराला उचलतात, की तिथूनच ओरडतात? तान्ह्यांना झोपायला वेगळी जागा आहे का? पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का? एकट्या ताईंच्या अंगावर वीस-पंचवीस लहानगी असतील, तर त्या कितीही मायाळू असोत, पुऱ्या पडणार नाहीत. आणि आईला मधेच आत येऊ देत नसतील, तर आम्ही तरी तिथं पोर ठेवणार नाही.

पन्नासाहून जास्त बाया असलेल्या बांधकामावर त्यांच्या सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली हवी, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. ठेकेदाराला हे एकटीनं विचारू नका, चार-पाच जणी मिळून जा. आणि विचारताना वेळही ठरवून घ्या. काम सहाला सुटतं, पाळणाघर पाचला बंद होत असेल, तर मधला तास पोर पुन्हा वाळूच्या ढिगावरच.