इंटरनेट, इंग्रजी आणि सीमेवरची मराठी



‘इंटरनेटचे फायदे आणि तोटे’ हा विषय शाळेच्या निबंधामुळे आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्ञान वाढते, वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, असे मुद्दे मुले पाठ करतात. ते खोटे नाहीत. पण जाम नदीच्या काठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. आपल्या घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, तर नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. म्हणून इंटरनेट या तीन भाषांपैकी कोणत्या भाषेला काय देते, हे आपण पाहिले पाहिजे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. इंग्रजी शिकण्यासाठी इंटरनेटसारखे स्वस्त साधन आपल्या गावाला पूर्वी कधी मिळाले नव्हते. पण ती इंग्रजी मराठीच्या आधाराने शिकली, तर दोन्ही भाषा पक्क्या होतात. मराठीला बाजूला सारून शिकली, तर पुढच्या पिढीची मराठी फक्त बोलण्यापुरती उरेल. लिहिता-वाचता येणार नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरचा भाग छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण राज्य तेच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-क सांगते. ते कलमही १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आले. तरी आज आपली बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी पुस्तक हवे तर कोणी नागपूरला जाणारा गाठायचा, त्याच्याकडे नाव लिहून द्यायचे आणि तो परत येईपर्यंत थांबायचे, अशी आपली रीत होती.

इंटरनेटने हे अंतर संपवले, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आज मोबाईलवर मोफत उतरवून घेता येतात. त्यांत मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तयार केलेली इंग्रजीची पुस्तकेही आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. ती शिकागो विद्यापीठाने महाजालावर ठेवली आहे. एकेकाळी हा कोश पाहायला मोठे ग्रंथालय गाठावे लागे. आज तो संत्र्याच्या बगीच्यात बसून उघडता येतो.

बगीच्याचा विषय निघाला म्हणून इंग्रजीची गरज तिथूनच सांगतो. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला, तर आपण खोडाला बोर्डो मलम लावतो. त्याचे प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. फवारणीचे एक टक्का बोर्डो मिश्रण वेगळे. त्यात मोरचूद आणि चुना तेवढाच, पण पाणी शंभर लिटर. व्हिडिओ घाईने पाहणाऱ्याच्या कानांवर ‘बोर्डो’ हा एकच शब्द राहतो आणि मलम व मिश्रण यांतला फरक निसटतो. औषधाच्या डब्यावरचा बारीक इंग्रजी मजकूर वाचता येणे आणि मराठीत लिहिलेली कृती शब्दशः वाचता येणे, या दोन्ही गोष्टी बगीचेवाल्याला हव्यात. यांतली एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

आता इंग्रजी शिकण्याकडे येऊ. आपली मुले मोबाईलवर जे इंग्रजीचे धडे पाहतात, ते बहुधा हिंदीतून समजावलेले असतात. हिंदीशी माझे वैर नाही, तिच्यावर आपले पोट आहे. पण मराठी मुलाच्या घरच्या भाषेत इंग्रजीच्या कामाचे जे आहे, ते या धड्यांत वापरले जात नाही. मराठीत तो, ती, ते असे तीन शब्द आहेत. हिंदीत ‘वह’ एकच. इंग्रजीचे ‘ही’, ‘शी’, ‘इट’ समजावताना मराठी मुलाला ‘तो मुलगा, ती मुलगी, ते झाड’ एवढे म्हटले तरी सुरुवात होते. पुढे खुर्ची आपल्याकडे ‘ती’ असली तरी इंग्रजीत ‘इट’ होते, एवढा फरक सांगावा लागतो. ‘बॅट’ मधला स्वर लिहायला मराठीत स्वतंत्र खूण आहे. हिंदीत तोच शब्द ‘बैट’ असा लिहितात. ही शिदोरी मुलाजवळ असताना तिची गाठ न सोडताच त्याला वाटेला लावणे बरोबर नाही.

आमच्या मागच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकली. मराठी वाक्य द्यायचे आणि त्याचे इंग्रजी करायला लावायचे, ही तिची पद्धत. ती कंटाळवाणी होती आणि तिच्यात उच्चार ऐकायला मिळत नव्हता. उच्चाराची ती उणीव इंटरनेटने भरून काढली. कोणताही शब्द दाबला की तो ऐकू येतो, दहा वेळा ऐकला तरी कोणी रागावत नाही. मात्र पाठमालेत जे होते ते इंटरनेटवर आपोआप होत नाही. वाक्य स्वतः जुळवावे लागत नाही. यंत्र भाषांतर करून देते, मुलगा उतरवून घेतो, वही भरते आणि डोके रिकामे राहते. ऐकणे पुष्कळ आणि बोलणे थोडे, हा इंटरनेटवरच्या इंग्रजीचा मुख्य दोष मला दिसतो.

दुसरा तोटा मराठीचा आहे. गुगलच्या भाषांतरसेवेत हिंदी २००८ साली आली आणि मराठी २०१३ साली. पाच वर्षे उशीर झाला, पण आता ती आली आहे. आपणच ती वापरत नाही. नवा फोन सुरू करताना भाषांची यादी समोर येते. त्या यादीत मराठी असते, तरी आपले बोट हिंदीवर किंवा इंग्रजीवर जाते. मुले आजीला निरोप पाठवतात तो मराठीत, पण रोमन अक्षरांत. आजीला तो वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या पोराला बोलवावे लागते. शिवाय फोनला बोलून लिहायला सांगितले, तर आपली वऱ्हाडी वळणाची बोली त्याला नीट उमजत नाही. आपण ‘डोया’ म्हणतो, त्याला ‘डोळा’ हवा असतो. मग माणूस फोनसाठी आपली बोली बदलतो, किंवा सरळ हिंदीत बोलू लागतो.

तिसरा तोटा आपल्या ओळखीचा. इंटरनेटवर सावरगाव शोधा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोटमार समोर येते. नदीतला पळस, झेंडा आणि दगड. वर्षातला एक दिवस जगाला दिसतो, उरलेले दिवस दिसत नाहीत. आंबिया बहार, मृग बहार, बगीच्याला ताण देणे, आपल्या बायकांची जात्यावरची गाणी यांतले जगाच्या समोर फारसे येत नाही. ते आपल्याशिवाय दुसरे कोणी लिहिणारही नाही.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, पालकांसाठी. रोज संध्याकाळी मुलाने घरातली पाच मराठी वाक्ये इंग्रजीत करावीत. ‘बाबा संत्री तोडायला गेले’, ‘आईने भाकरी केली’, अशी. आधी स्वतः करावीत, मोठ्याने म्हणावीत आणि मग यंत्राकडून तपासावीत. हा क्रम उलटला की शिकणे थांबते. घरात एकच फोन असेल, तर मुलीलाही मुलाइतकाच वेळ तो मिळावा.

दुसरी, तरुणांसाठी. फोनवर मराठीचा कळफलक आजच सुरू करा आणि आजीला देवनागरीत निरोप पाठवा.

तिसरी विनंती अकादमीला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतली बोली जाणत्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावी आणि अर्थासह महाजालावर सर्वांना खुली ठेवावी. शेतीचे, स्वयंपाकाचे, नात्यांचे शब्द आधी घ्यावेत. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.