वस्तुसंग्रहालय आणि प्राथमिक शाळेची सहल

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



शाळेची वार्षिक सहल म्हटली की एक ठरावीक कार्यक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. पहाटे एस. टी.ची गाडी शाळेच्या दारात येते. मुले भाकरी-चटणीची शिदोरी घेऊन गाडीत बसतात. देवदर्शन होते, धरण होते, बाग होते. आणि उरलेल्या अर्ध्या तासात एखादे वस्तुसंग्रहालयही उरकले जाते. मुलांची रांग एका दाराने आत शिरते व दुसऱ्या दाराने बाहेर पडते. ‘हात लावू नका’, ‘बोलू नका’, ‘पुढे चला’ ही तीन वाक्ये मुलांच्या कानी पडतात आणि बहुधा तीच त्यांच्या लक्षात राहतात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगितला, तर ‘तेथे पुष्कळ जुन्या वस्तू होत्या’ यापलीकडे त्यांची लेखणी सरकत नाही.

यात दोष मुलांचा नाही. सहलीची वर्गणी भरण्यासाठी कित्येक पालकांना रोजमजुरीतून पैसा बाजूला काढावा लागतो, आणि एखाद्या मुलाच्या वाट्यास प्राथमिक शाळेच्या साऱ्या वर्षांत अशी एकच सहल येते. त्या एका सहलीत संग्रहालय म्हणजे मोडक्या वस्तूंची खोली अशी त्याची समजूत झाली, तर मोठेपणी तो त्या दाराची पायरी पुन्हा चढेल असे नाही. आणि नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. जुन्या वस्तूकडे पाहावे कसे हे ज्यास कळले नाही, तो आजीची पितळी समई मोडीच्या भावाने विकताना क्षणभरही थबकणार नाही. यास्तव संग्रहालय कोणते पाहावे यापेक्षा ते कसे पाहावे, हा प्रश्न प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात पाहण्याजोगी संग्रहालये पुष्कळ आहेत. विदर्भातील शाळांना नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय जवळ पडते. ते 1863 साली स्थापन झाले असून ‘अजब बंगला’ या नावाने लोकांच्या तोंडी आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर सर्वांस ठाऊक आहे. ज्या शाळांना दूरचा प्रवास परवडत नाही त्यांच्याकरिता त्या संस्थेने 2015 पासून बसमधील फिरत्या संग्रहालयाचा उपक्रमही चालविला आहे. तथापि मुलांच्या वयाचा व समजुतीचा विचार करता पुणे, तेर, कोल्हापूर आणि औंध येथील संग्रहालये विशेष उद्‌बोधक ठरतात. त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी मुलांना निराळा धडा मिळू शकतो.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे प्रथम घेऊ. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा हा बालवयातच वारला. त्या मुलाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभारले, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची या कामी त्यांना मोठी साथ लाभली. पुढे वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या जडजवाहिरापेक्षा या संग्रहात घरगुती वस्तूंना अधिक मान आहे. येथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, कुलपे, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्र्या व स्वयंपाकघरातील नाना तऱ्हेची भांडी आहेत. कारागिराने साध्या अडकित्त्यासही पक्ष्याचा वा माणसाचा आकार दिलेला पाहून मुलांस कौतुक वाटते. सुपारी कातरण्यापुरते दोन पाती पुरेशी असताना कारागिराने एवढे श्रम का घेतले असावेत, हा प्रश्न मुलांस अवश्य विचारावा. रोजच्या वापरातील वस्तूही सुंदर असावी, ही जाण त्या प्रश्नाच्या उत्तरातून येते. शिवाय ज्या वस्तू येथे काचेआड आहेत, त्यांच्यासारख्या वस्तू आपल्याही माळ्यावर पडून आहेत, हे एखाद्या मुलास तेथेच आठवते. ती आठवण होणे हेच त्या सहलीचे फळ होय.

पुण्यात घरातील वस्तू दिसतात, तर तेर येथे जमिनीतील वस्तू दिसतात. धाराशिव जिल्ह्यातील (पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) तेरणा नदीकाठचे हे गाव संत गोरा कुंभारांचे म्हणून वारकऱ्यांस परिचित आहे. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव ‘तगर’ या नावाने दूरदेशी प्रसिद्ध होते. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख असून, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून पुष्कळसे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे त्यात म्हटले आहे. गावाच्या पांढरीत सापडणारी खापरे, मणी, मातीच्या मूर्ती व नाणी इतरांना निरुपयोगी वाटत असता, गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती जतन केली. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात हस्तिदंताची जी भारतीय मूर्ती सापडली, तिच्याशी तेरच्या मूर्तीचे निकटचे साम्य आहे. नकाशावर तेर व पाँपेई या दोन ठिकाणी बोट ठेवावयास लावून मधला समुद्र मुलांना दाखविला, तर इतिहास आणि भूगोल हे दोन विषय एकाच तासात शिकविले जातात. आणि गोरोबांच्या गावी मातीचे मडके पाहताना कुंभाराच्या मुलाची मान थोडी ताठ झाली, तर त्यासारखे दुसरे समाधान नाही.

कोल्हापूर येथे हाच धागा पुढे नेता येतो. तेथील टाऊन हॉलमधील संग्रहालयात पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात मिळालेल्या वस्तू आहेत. त्यांत पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवतेची काशाची लहान मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. समुद्र येथून पुष्कळ दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. मग समुद्राचा देव पंचगंगेकाठी आला कसा? एवढा एक प्रश्न वर्गासमोर ठेवला की मुले आपोआप घाट, बैलांचे तांडे, बंदरे आणि गलबते यांचा विचार करू लागतात. कोल्हापुराजवळच कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. लोहार, सुतार, कुंभार, चांभार आदी बलुतेदार आणि शेतकरी कुटुंबे आपापल्या कामात गढलेली तेथे पूर्णाकृती पुतळ्यांच्या रूपाने दाखविली आहेत. मोट, जाते, चाक, भाता या वस्तू ज्या पिढीने केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रांत पाहिल्या, तिला त्या कशा वापरल्या जात हे येथे समजते. घरातील वडील मंडळी बरोबर असतील तर शिक्षकाचे निम्मे काम तीच करतात; कारण मोटेवरचे बोलणे आजोबांइतके चांगले कोणास येणार?

सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. आपला कलासंग्रह लोकांस पाहावयास मिळावा म्हणून 1938 साली त्यांनी हे संग्रहालय स्थापिले. राजा रविवर्मा व धुरंधर यांसारख्या नामांकित चित्रकारांची चित्रे खेड्यातील मुलास येथे मूळ रूपात पाहावयास मिळतात. इंग्लंडचे विख्यात शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्पही येथे आहे. या शिल्पात नाकडोळे रेखीव नाहीत. मुले प्रथम हसतील. त्यांना हसू द्यावे. मग आई कोणती, मूल कोणते, आणि हे आपणांस कशावरून कळले, एवढेच विचारावे. नऊ वर्षांचे मूल त्याचे उत्तर कित्येकदा मोठ्यांहून चांगले देते, कारण आईच्या कुशीत बसण्याची आठवण त्याची अधिक ताजी असते.

आता पद्धतीविषयी. सहलीपूर्वी शिक्षकाने शक्य असल्यास ते संग्रहालय एकदा स्वतः पाहून यावे व फक्त पाच वस्तू निवडाव्यात. सर्व दालने पाहिलीच पाहिजेत असा आग्रह धरू नये. पाचशे वस्तूंसमोरून चालत गेलेल्या मुलापेक्षा पाच वस्तूंसमोर थांबलेले मूल अधिक शिकून येते. वर्गाचे आठ-दहा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटास एक वस्तू नेमून द्यावी. वस्तू कशाची केली आहे, ती कशासाठी असावी, ती कोणी वापरली असावी आणि ती कोठे झिजली आहे, हे चार प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरतात. चौथा प्रश्न विसरू नये. अडकित्त्याची मूठ, जात्याचा खुंटा, पाट्याचा मधला खळगा यांवरची झीज म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत अशा माणसांच्या हातांची खूण होय. मुलांनी वस्तूचे चित्र पेन्सिलीने काढावे. चित्र काढताना डोळ्यांस जे दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही. भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपण्यास हरकत नाही, पण ते चित्र काढून झाल्यावर. पायरी, अंधार वा गर्दी यांमुळे ज्या मुलास अडचण होते, त्याच्यासाठी सोबती अगोदरच नेमावा; सहल सर्वांची असते.

सहलीनंतरचे काम त्याहून मोलाचे आहे. प्रत्येक मुलाने घरातील एका जुन्या वस्तूची माहिती आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वृद्धांना विचारून लिहून आणावी: वस्तूचे नाव काय, ती कोठून आली, कशी वापरीत, केव्हा बंद झाली. वर्गातील एखाद्या कोनाड्यात अशा वस्तू आठवडाभर मांडाव्यात, प्रत्येकीपुढे मुलाच्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी ठेवावी, आणि आठवडा संपताच वस्तू ज्याची त्यास नोंद करून परत द्यावी. वस्तू घरीच राहावी, पण तिची गोष्ट शाळेच्या वहीत उतरावी, हा यातील हेतू आहे. अशा वहीत दहा वर्षांत एका गावाचा इतिहास गोळा होईल.

एक सावधगिरीची सूचनाही आवश्यक आहे. नांगरताना वा पाया खणताना नाणी, मूर्ती किंवा दागिना सापडला, तर तो घासून स्वच्छ करू नये, वाटून घेऊ नये व विकू नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंच्या व्यवहारावर 1972 च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. वस्तू जेथे सापडली ती जागा, ती किती खोल होती आणि तिच्याजवळ आणखी काय होते, हे कळले तरच तिचा इतिहास सांगता येतो. एकदा उचलून बाजारात गेलेली मूर्ती कोठून आली हे पुढे मोठ्या विद्वानासही सांगणे कठीण होते. ही गोष्ट मुलांस समजली की ती घरोघरी पोहोचते, कारण शाळेतून घरी जाणारा निरोप मुलांएवढ्या निष्ठेने दुसरे कोणी पोहोचवीत नाही.

केळकर आणि लामतुरे हे कोणी पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. दुसऱ्यांना टाकाऊ वाटलेल्या वस्तूपुढे ते थांबले व तिला त्यांनी प्रश्न विचारला, एवढेच त्यांचे वैशिष्ट्य. असे थांबणे शिकविता येते, आणि ते शिकविण्यास तिसरी-चौथीच्या वयाइतका योग्य काळ दुसरा नाही. यंदाच्या सहलीचा कार्यक्रम आखताना प्रत्येक शाळेने एका संग्रहालयासाठी अर्ध्या तासाऐवजी अर्धा दिवस राखून ठेवावा. तेवढ्या अवधीत मुलांनी पाच वस्तू पाहिल्या तरी पुरे. मात्र त्या पाचांची हकीकत त्यांना घरी जाऊन सांगता आली पाहिजे.