बुडवलेल्या जहाजाभोवती गळ

यशवंतपूर समुद्रापासून दूर आहे. बेंगळूरचे हे उपनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले असल्याने येथील गळ टाकणाऱ्याचा परिचय तळ्याशी, कटला-रोहूशी आणि कणकेच्या गोळीशी. तथापि येथून निघणारा लोहमार्ग हासन, सकलेशपूरचा घाट आणि मंगळूर ओलांडून थेट कारवारपर्यंत पोहोचतो. त्याच कारवारच्या नौदल तळावर 2025 साली एक जुने जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आले. ‘गुलदार’ हे त्याचे नाव. 1985 मध्ये नौदलात दाखल झालेले आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेले हे जहाज सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ बुडवावे, तेथे पाण्याखालचे संग्रहालय व्हावे आणि त्याचबरोबर माशांना आसराही मिळावा, अशी ती योजना.

जहाज मुद्दाम बुडवून मासे कसे मिळावेत, हा प्रश्न डोंगरमाथ्यावरच्या माणसास पडणे स्वाभाविक आहे. समुद्राचा तळ मैलोन्‌मैल सपाट, वाळूचा वा चिखलाचा असतो. अशा तळावर एखादी कठीण वस्तू जाऊन बसली की तिच्यावर प्रथम शेवाळ, मग शिंपले, स्पंज आणि बार्नॅकल यांचा थर चढतो. त्यांच्या आधाराने लहान मासे येतात आणि लहानांमागून मोठे. यालाच कृत्रिम शैलभित्ती म्हणतात. जपानच्या कोळ्यांना ही युक्ती शतकांपूर्वीच ठाऊक होती. अमेरिकेच्या अलाबामा किनाऱ्यावर 1953 मध्ये 250 मोटारींचे सांगाडे बुडवले गेले आणि ओसाड तळावर तांबोशीच्या जातीचा मासा गळाला लागू लागला. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील 42 मच्छीमार गावांसमोर प्रत्येकी 150 याप्रमाणे 6,300 काँक्रीटचे ठोकळे अलीकडच्या काळात टाकण्यात आले. त्यांचा आणखी एक उपयोग असा की, तळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे त्यांत अडकते, म्हणून ट्रॉलर तिकडे फिरकत नाही आणि गळ टाकणाऱ्या लहान होडीला जागा उरते.

मात्र वाटेल ते टाकून भागत नाही. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर 1972 च्या सुमारास सुमारे 20 लाख जुने टायर समुद्रात लोटण्यात आले. त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या गंजून तुटल्या, टायर लाटांबरोबर गडगडत शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळू लागले आणि पुढे कित्येक वर्षे ते बाहेर काढण्याचे काम चालले.

आता गळाकडे वळावे. तळ्यातील गरवणाऱ्याची पहिली चूक अशी की तो होडी बरोबर शैलभित्तीच्या डोक्यावर आणून उभी करतो. नांगर सांगाड्यात अडकतो, आणि गळही. जाणता तांडेल प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगर टाकतो आणि दोर सैल सोडून होडी मागे येऊ देतो, म्हणजे आमिष वाहत वाहत भित्तीच्या कडेला पोहोचते. भक्ष्याच्या शोधातील मासा बहुधा प्रवाहाच्या समोरच्या कडेला तोंड करून असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी वेगाने धावते तेव्हा शिसे जड लागते आणि तरीही आमिष तळाशी ठरत नाही. भांगाच्या दिवसांत, किंवा भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्यात, हलके शिसे पुरते.

आमिषही पाणी पाहून बदलावे लागते. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ येऊन पाणी गढूळ होते, तेव्हा मासा डोळ्यांपेक्षा वासावर विसंबतो. बांगड्याचा रक्ताळलेला तुकडा किंवा म्हाकुलाची पट्टी तेव्हा उपयोगी. हिवाळ्यात पाणी निवळले की तोच तुकडा मासा हुंगून सोडून देतो. अशा वेळी जिवंत तारली अथवा कोळंबी लावावी आणि गळाजवळचा तंगूस बारीक करावा. येथे एक पेच उभा राहतो. बारीक तंगूस माशाला दिसत नाही, पण गंजलेल्या पोलादाच्या धारेवर तो तत्काळ तुटतो. हेकरू तर गळ लागताच कपारीत शिरतो. म्हणून पहिले दोन-तीन वाव मासा कोणतीही सवलत न देता वर ओढावा लागतो. तळ्यातल्या माशाला खेळवून दमवण्याची सवय येथे घातक ठरते. सुरमई आणि सकला मात्र तळाशी न राहता भित्तीच्या वरच्या पाण्यात फिरतात, त्यांच्यासाठी शिसे काढून आमिष मधल्या पाण्यातच तरंगते ठेवावे.

हे सारे जमले की प्रश्न सुरू होतो. शैलभित्ती मासे निर्माण करते की इतस्ततः विखुरलेले मासे एका ठिकाणी गोळा करते, याबद्दल शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. जागा, जात आणि काळ यांप्रमाणे उत्तर बदलते. मासे नुसते गोळा होत असतील, तर जो मासा पूर्वी शोधावा लागे तो आता ठरलेल्या पत्त्यावर सापडतो, आणि उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखविणारे यंत्र हाती असलेली प्रत्येक होडी तेथेच येते. हेकरूच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि पुढे मोठा झाल्यावर नर होतो. मोठेच मासे निवडून काढीत गेल्यास प्रजननासाठी नरच अपुरे पडतात, ही गोष्ट गळवाल्याला होडीतून दिसत नाही. लहान मासा परत सोडण्याचा उपायही खोल पाण्यात लंगडा पडतो. वीस वावांवरून झपाट्याने वर आलेल्या तांबोशीच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, आणि तिला समुद्रात सोडले तरी ती खाली जाऊ शकत नाही. घारी-समुद्रपक्षी तिची वाट पाहतच असतात. शिसे लावलेल्या आकड्याने माशाला पुन्हा खोलीवर नेऊन सोडणे हा त्यावरचा उतारा अनेक देशांत वापरला जातो. आपल्याकडे तो फारसा रूढ नाही, आणि सोपा असूनही तो का रूढ होऊ नये हे समजत नाही. सोडायचा मासा असेल तर आत वळलेल्या टोकाचा गळही बरा. तो घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात रुततो.

निवतीच्या योजनेत पाणबुडे आणि गळवाले एकाच जहाजाभोवती येण्याचा संभव आहे. तुटलेला तंगूस पोलादात अडकून वर्षानुवर्षे तसाच राहतो, पाणबुड्याच्या नळीला गुंडाळतो आणि रिकाम्या गळासह मासेही पकडत राहतो. म्हणून जहाज तळाला टेकण्यापूर्वीच ठरवायला हवे की गळ कोठे पडेल आणि कोठे नाही, किती होड्यांना मुभा असेल, आणि हा निर्णय देवबाग-निवतीच्या ज्या कोळ्यांनी तो खडक पिढ्यान्‌पिढ्या ओळखला त्यांना विचारून घेतला जाईल की त्यांना तो छापील सूचनाफलकावर वाचावा लागेल.